स्कीचे हेल्मेट आणि गॉगल : फोंड्याच्या उकाड्यात घेतलेली परीक्षा

गेल्या डिसेंबरात एका दुपारी, पंखा पूर्ण वेगात फिरत असताना, मी फोंड्यातील आमच्या घराच्या ओसरीवर स्कीचे हेल्मेट डोक्यात आणि गॉगल डोळ्यांवर चढवून पाऊण तास वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. पत्र टाकायला आलेल्या पोस्टमनने काही विचारले नाही, पण जाताना फाटकापाशी थांबून त्याने दोनदा मागे वळून पाहिले. जानेवारीत मी, पत्नी आणि आमची अकरा वर्षांची मुलगी असे तिघे गुलमर्गला स्की शिकायला जाणार होतो. स्की आणि बूट तिथेच भाड्याने घ्यावेत असा सल्ला बहुतेकांनी दिला होता आणि तो योग्यच होता. हेल्मेटच्या बाबतीत मात्र मला तो पटला नाही, कारण हेल्मेटच्या आतला फोम एकदा जोराचा मार बसला की दबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि भाड्याच्या हेल्मेटला पूर्वी कधी असा मार बसला आहे की नाही हे बाहेरून पाहून कळत नाही. गॉगलचे कारण साधे होते. मी चश्मा लावतो, आणि चश्म्यावर बसणारा गॉगल तिथे मिळेलच याची खात्री नव्हती.

गोव्यात अशा वस्तू हाताळून पाहता येतील असे दुकान मला आढळले नाही. म्हणून परत करण्याची मुभा असलेली तीन हेल्मेटे आणि तीन गॉगल ऑनलाइन मागवले आणि घरीच त्यांची परीक्षा घेतली. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. जे हेल्मेट मला वीस मिनिटांत नकोसे झाले तेच माझ्या पत्नीने दोन तास विनातक्रार घातले, तेव्हा नावे देऊन वाचकाची दिशाभूल होण्याचीच शक्यता अधिक.

मापापासून सुरुवात करतो. शिंप्याचा टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर आलेला असतो त्यावरून आडवा फिरवायचा. माझे माप साडेसत्तावन्न भरले, पत्नीचे छप्पन्न आणि मुलीचे त्रेपन्न. एका कंपनीचे मध्यम माप ५५ ते ५९ सेंटिमीटर असे होते, दुसरीचे ५६ ते ५८. कागदोपत्री आम्ही दोघे नवरा-बायको मध्यम मापाचेच. परंतु टेप फक्त घेर सांगतो, डोक्याचा आकार सांगत नाही. माझे डोके पुढून मागे लांबट आहे, पत्नीचे जवळजवळ गोल. घेर सारखाच असला तरी गोल साच्याचे हेल्मेट लांबट डोक्याला कपाळावर आणि मागच्या बाजूस दाबते आणि कानांच्या वर दोन्हीकडे पोकळ राहते. उलट लांबट साचा गोल डोक्याला कानशिलांवर चिमटा घेतो. नारळाच्या करवंटीत आंबा बसवू पाहण्याचाच हा प्रकार.

पहिले हेल्मेट स्वस्तातले, साडेचार हजारांचे, टणक प्लास्टिकच्या कवचाचे आणि हाताला जड होते. त्याच्या मागे एक चकती होती, ती फिरवली की आतली कडी आवळते किंवा सैल होते. माझ्या कपाळावर मधोमध दाब जाणवू लागल्यावर मी ही चकती पूर्ण सैल केली, तरी दाब तसाच राहिला. कारण नंतर लक्षात आले. ही कडी हेल्मेटमधली उरलेली जागा भरून काढते, कवचाचा आकार ती बदलू शकत नाही. जे हेल्मेट चकती सैल असतानाही टोचते ते टोचतच राहणार, आणि ‘वापरून वापरून बसेल’ ही चपलेच्या बाबतीत खरी ठरणारी आशा इथे धरू नये, कारण अस्तर थोडे दबले तरी त्याखालचा फोम जोराचा मार बसल्याशिवाय दबत नाही, आणि एरवी तो दबू नये अशीच अपेक्षा असते. वीस मिनिटांनी काढले तेव्हा कपाळावर रुपयाएवढा लाल वण उमटला होता. तेच हेल्मेट पत्नीच्या डोक्यावर असे बसले की ती ते घालूनच स्वयंपाकघरात गेली आणि सोलकढी करून आली.

दुसरे हेल्मेट साडेसात हजारांचे. यात पातळ कवच आणि फोम एकत्रच साच्यातून काढलेले असतात, त्यामुळे वजन बरेच कमी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते ४३० ग्रॅम भरले, तर पहिले ५८० ग्रॅम होते. दीडशे ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु मान खाली घालून पायांतील स्कीकडे पाहत राहणाऱ्या नवशिक्याला तो दुपारपर्यंत जाणवतो. या हेल्मेटचा साचा लांबट होता. चकती दोन-तीन टिचक्या आवळल्यावर, हनुवटीचा पट्टा न लावता मी डोके जोराने हलवले, तेव्हा हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली. चांगले बसल्याची ही माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण आहे. कातडी जागेवर आणि हेल्मेट तेवढे फिरते, तर माप मोठे. पट्टा लावल्यावर मोठी जांभई द्यावी. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढले गेले पाहिजे.

तिसरे, बारा हजारांचे, पुढे काचेसारखी झडप असलेले. चश्मेवाल्यांसाठी ही मोठी सोय म्हणून त्याची जाहिरात होते आणि चश्मा आत खरोखर मोकळा राहतो. परंतु झडपेच्या कडेचा रबर माझ्या गालांना पुरता टेकत नव्हता. स्कूटर चालवताना चेहऱ्यावर वारा आला तर गोमंतकीय माणसाला बरेच वाटते, शून्याखालच्या तापमानात तोच वारा डोळ्यांतून पाणी काढतो. शिवाय झडपेवर ओरखडा उठला तर बदली झडप याच कंपनीची आणि याच प्रकारची हवी. ते मी परत केले.

कानांविषयी वेगळे लिहायला हवे, कारण वेबसाइटवरच्या वर्णनांत त्याचा उल्लेख फारसा नसतो. बहुतेक स्की हेल्मेटांना कानांवर मऊ कानपट्ट्या असतात. माझ्या चश्म्याच्या दांड्या त्या कानपट्ट्यांखाली दाबल्या जाऊन चाळीसाव्या मिनिटाला कानामागे ठणका लागला. सरळ आणि पातळ दांड्यांचा जुना चश्मा काढून लावला, तेव्हा त्रास संपला. ज्यांच्या दांड्या जाड आणि मागे वळलेल्या आहेत त्यांनी हेल्मेट बदलण्याआधी चश्मा बदलून पाहावा. केसांचेही असेच आहे. पत्नी अंबाडा घालते, आणि मागची चकती नेमकी अंबाड्याच्या जागी येते. मानेवर सैल वेणी हा एकच मार्ग तिला मानवला.

मुलीच्या हेल्मेटवरून घरात थोडा वाद झाला. वाढत्या वयाचे मूल आहे तेव्हा एक माप मोठे घ्या, म्हणजे तीन वर्षे चालेल, असे माझ्या आईचे म्हणणे होते, आणि शाळेच्या गणवेशाच्या बाबतीत ती आजवर कधी चुकलेली नाही. परंतु मोठे हेल्मेट पडताना मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते. मुलीला ५१ ते ५५ चेच घेतले. पुढच्या वर्षी लहान झाले तर भाचीला जाईल.

आमच्या परिचितांपैकी बऱ्याच जणांनी विचारले की घरात स्कूटरची चार हेल्मेटे असताना हा खर्च कशाला. हा प्रश्न गैर नाही. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसणारा आणि स्वतः दुचाकी चालवणारा असा हेल्मेटशी रोजचा संबंध गोव्यात सर्वांचाच आहे. दुचाकीच्या हेल्मेटला आपल्याकडे आयएस ४१५१ हे मानक लागू आहे आणि २०२१ च्या जूनपासून आयएसआय चिन्हाशिवाय त्याची विक्री करता येत नाही. स्कीच्या हेल्मेटसाठी ईएन १०७७ हे युरोपीय आणि एएसटीएम एफ २०४० हे अमेरिकी मानक असून, आतल्या चिकटपट्टीवर यांपैकी एक तरी छापलेले असल्याची खात्री करूनच मी मागणी नोंदवली. ईएन १०७७ मध्ये अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ वर्गात टणक संरक्षण कानांवरही येते, ब वर्गात कान मऊ पट्ट्यांवर सोडलेले असतात, आणि त्यामुळे ऐकू अधिक चांगले येते. स्कूटरचे बंद हेल्मेट बर्फावर घातले तर ते जड पडते, मागून येणाऱ्याची हाक नीट ऐकू येत नाही, घामाची वाफ बाहेर जात नाही आणि गॉगल त्यात बसत नाही. स्कीचे हेल्मेट घालून फोंडा ते पणजी स्कूटर चालवणे तर सर्वस्वी अयोग्य.

याच संदर्भात एक आकडा नोंदवतो, कारण दुकानदार तो सांगत नाहीत. ईएन १०७७ च्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून ऐरणीवर आपटले जाते. आदळण्याच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. सराईत माणूस उतारावर याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने सहज जातो. २०१३ च्या डिसेंबरात फ्रान्समधील मेरिबेल येथे स्की करताना फॉर्म्युला वनचे विख्यात शर्यतपटू मायकेल शूमाखर यांना डोक्याला मार बसून गंभीर अपघात झाला तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते. हेल्मेटचे काम काय आणि कुठवर, हे मुलीला समजावताना मी हेच सांगितले. आतमध्ये कवटीभोवती थोडा सरकणारा पिवळा थर असलेली हेल्मेटे थोडी महाग मिळतात. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या या रचनेचा हेतू तिरक्या आघाताने डोक्याला बसणारा पीळ कमी करण्याचा आहे. आमच्या दुसऱ्या हेल्मेटात तो थर होता आणि त्यामुळे बसण्यात काही फरक पडला नाही, फक्त पत्नीचे लांब केस त्याच्या कडेत दोनदा अडकले.

आता गॉगल. इथे मी पहिली चूक केली ती मुखवट्याच्या सवयीने. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या ग्रांद बेटाजवळ पाण्यात डोके घालून मासे पाहण्याचा अनुभव आम्हाला आहे, आणि तिथला मुखवटा हवाबंद असावा लागतो. स्कीच्या गॉगलला त्याच सवयीने मी पट्टा आवळत गेलो. वास्तविक हा गॉगल श्वास घेणारा असतो. त्याच्या वर आणि खाली फोमने झाकलेली भोके असतात, खालून थंड हवा आत शिरते आणि चेहऱ्याची ऊब घेऊन वरून बाहेर पडते. पट्टा अति आवळला की फोम चेपतो, भोके बुजतात आणि काचेवर वाफ धरते. मुखवट्याच्या आत थुंकी फासण्याची जी युक्ती आपल्याकडे सर्रास वापरतात तीही इथे करू नये. आतल्या काचेवर वाफरोधक लेप असतो आणि तो अत्यंत नाजूक असतो.

या काचा दोन असतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा बंद थर असतो. त्यामुळे बाहेरची काच गोठली तरी आतली चेहऱ्याच्या उबेच्या जवळपास राहते आणि तिच्यावर दव धरत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यातील बॉब स्मिथ या दंतवैद्याने १९६५ च्या सुमारास अशा दुहेरी काचेचा गॉगल तयार केला, आणि त्यांच्याच नावाची कंपनी पुढे उभी राहिली. दाताच्या डॉक्टराला हे सुचावे हे मला अगदी स्वाभाविक वाटते. दुसऱ्याच्या श्वासाने आपला आरसा धुरकट होण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला असणार!

पण फोंड्याच्या दमट हवेत वाफेची चाचणी घ्यायची कशी? वातानुकूलित खोलीत काहीच कळले नाही. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीने मासळी साठवण्याच्या एका शीतगृहात अर्धा तास उभे राहण्याची परवानगी मिळाली. आत उणे अठरा अंश, दोन्ही बाजूंना सुंगटे (कोळंबी) आणि माणक्यांचे (स्क्विडचे) खोके, आणि मध्ये हेल्मेट-गॉगल घातलेला मी. ‘नुस्त्याक हेल्मेट कित्याक, सर?’ (मासळीला हेल्मेट कशाला?) असे दारावरच्या राखणदाराने विचारले आणि मी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही.

प्रत्येक गॉगल घालून मी तीस उठाबशा काढल्या आणि मग स्तब्ध उभा राहिलो. पहिला, आडव्या वळणाच्या सपाटसर काचेचा आणि चश्म्यासाठी न बनवलेला. त्याची काच स्वच्छ राहिली, पण आतल्या माझ्या चश्म्यावर इतकी वाफ धरली की समोरचे खोके दिसेनात. हा धडा महत्त्वाचा होता : वाफरोधक लेप गॉगलला असतो, चश्म्याला नसतो. दुसरा मुद्दाम चश्म्यावर बसण्यासाठी बनवलेला, अधिक खोल चौकटीचा, बाजूच्या फोमला दांड्यांसाठी खाचा असलेला. त्यातही चश्मा धुरकटला, पण गार हवा फेकणाऱ्या पंख्यासमोर जाऊन उभा राहताच दहा-बारा सेकंदांत निवळला. म्हणजे उतारावरून चालत्या वाऱ्यात तो निवळेल आणि उतारावर वर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत उभे असताना धुरकटेल, असा मी अंदाज बांधला आणि गुलमर्गला तो बरोबर ठरला. तिसरा मोठ्या गोलाकार काचेचा, चुंबकाने काच बदलता येणारा. तो बरोबर आलेल्या पत्नीनेही घातला आणि खरी गंमत इथे झाली. पहिल्या हेल्मेटबरोबर त्याच्या वरच्या कडेला वाफेचा पट्टा उमटला, दुसऱ्या हेल्मेटबरोबर उमटला नाही. पहिल्याची पुढची कड गॉगलच्या वरच्या भोकांवर दाबून बसत होती, दुसऱ्याला नेमक्या त्या जागी हवा ओढून घेणाऱ्या फटी होत्या.

या एका निरीक्षणानंतर माझे मत पक्के झाले की हेल्मेट आणि गॉगल या दोन वस्तू नव्हेतच, एकच वस्तू आहे, आणि ती सुटी सुटी विकत घेणे म्हणजे कुलूप एका दुकानातून आणि किल्ली दुसऱ्यातून घेणे. कड फार खाली आली तर गॉगल नाकावर दाबला जातो, नाक चोंदते आणि तोंडाने घेतलेला श्वास खालून गॉगलमध्ये शिरतो. कड फार वर राहिली तर कपाळाची एक पट्टी उघडी पडते. थंडी तिथूनच शिरते आणि पडल्यावर दगडही तिथेच लागू शकतो. आरशासमोर दोन्ही घालून पाहावे, कपाळ दिसता कामा नये आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेडही दिसता कामा नये. माझे नाक बसके असल्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या गॉगलखाली नाकापाशी करंगळी जाईल एवढी फट राहत होती. चपट्या नाकासाठी तिथे जाड फोम दिलेले प्रकार मिळतात. माझा दुसरा गॉगल तसाच होता, आणि तो मला मानवण्यामागे चश्म्याच्या खाचांइतकाच हा फोमही कारणीभूत आहे.

शीतगृहाबाहेर पडताच सगळे गॉगल आणि चश्मा पांढरेफटक झाले, बाहेरून पाण्याचे ओघळ वाहू लागले, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे. इथे दुसरी चूक झाली. घाईत पहिल्या गॉगलची आतली बाजू मी रुमालाने पुसली. ओला लेप रुमालाबरोबर फासला गेला आणि काचेच्या मधोमध कायमचा ढगाळ डाग राहिला. तो अर्थातच परत करता आला नाही. आत ओल आली तर झटकावे आणि हवेवर सुकू द्यावे, पुसू नये.

शीतगृहात ऊन नसते, त्यामुळे काचेच्या रंगाची परीक्षा गुलमर्गलाच झाली. काच किती प्रकाश आत येऊ देते यावरून एस-० ते एस-४ अशा श्रेणी असतात. एस-३ फक्त ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, एस-१ ४३ ते ८० टक्के. आम्ही भर उन्हाची कल्पना करून गडद एस-३ काचा घेतल्या होत्या. पहिले दोन दिवस ढगांचे निघाले, आणि त्या काचेतून बर्फावरचे खड्डे-उंचवटे दिसेचनात, सारा उतार पांढऱ्या चादरीसारखा सपाट वाटे. पत्नीच्या चुंबकी गॉगलबरोबर आलेली दुसरी, फिकट गुलाबी काच तेव्हा तिच्या उपयोगी पडली. मी आणि मुलगी चाचपडलो. तिसऱ्या दिवशी ऊन पडले आणि गोंडोलाने (दोरावरच्या पाळण्याने) अफरवट डोंगरावर, म्हणजे चार हजार मीटरच्या किंचित खाली गेलो, तेव्हा गडद काचेची किंमत कळली. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करतो, समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू साधारण १५ टक्के, आणि दर हजार मीटर उंचीला या किरणांची तीव्रता दहा-एक टक्क्यांनी वाढते. मिरामारच्या किनाऱ्यावर उघड्या डोळ्यांनी फिरण्याची सवय तिथे चालत नाही. फोटोसाठी गॉगल वर करून अर्धा तास उभ्या राहिलेल्या आमच्या गटातील एका गृहस्थांचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपत होते.

अखेर घरात राहिले ते असे : मला दुसरे हेल्मेट आणि चश्म्यावरचा गॉगल, पत्नीला तिला इतके आवडलेले पहिले हेल्मेट सोडून माझ्या दुसऱ्या हेल्मेटसारखेच आणखी एक, कारण चुंबकी गॉगल पहिल्याशी जमत नव्हता आणि दुसऱ्याची चकती थोडी आवळल्यावर तिच्याही डोक्यावर ते ठीक बसले. मुलीला त्याच कंपनीचे लहान. तिच्यासाठी वेगळा गॉगल मागवताना मात्र मी हेल्मेटबरोबर जोडीने मिळणाराच घेतला आणि त्याबद्दल मला काही लिहिण्यासारखे आढळले नाही, हीच त्याची प्रशंसा.

एक गोष्ट थंड देशांतल्या माहितीपत्रकांत असणार नाही, ती पावसाळ्याची. परत आल्यावर दोन हेल्मेटे सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवली, मुलीचे तिच्या आग्रहावरून कापडी पिशवीत तिच्या कपाटात राहिले. परवा चवथीच्या साफसफाईत ते काढले तेव्हा कानपट्ट्यांवर हिरवट बुरशी धरलेली होती आणि गॉगलच्या पट्ट्याला कुबट वास येत होता. सुदैवाने कानपट्ट्या सुट्या होतात. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन त्या ओसरीवरच्या दोरीला लावल्या आहेत, आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचे, सामान यायच्या आत दोरी मोकळी झाली पाहिजे असे आईने बजावले आहे.